गाडी खरंच ऑइल खाते का? पट्टीच्या नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट 2025

5 जानेवारी 2025, रविवार. मीटर 78,412

आजपासून वही. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मुलांना नोंदी लिहायला लावते, घरच्या गाडीच्या मात्र एका ओळीची नोंद नाही. ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसिंग झालं. नोव्हेंबरमध्ये गॅरेजला हवा भरायला गेले तेव्हा पट्टी (इंजिनात बुडवून ऑइलची पातळी बघायची ती) बघून 300 मिली ऑइल घातलं गेलं, डिसेंबरअखेर आणखी 500. मिस्त्री म्हणाले, "ताई, गाडी ऑइल खातीये. रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागंल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, ऑइल वर जाऊन जळू न देणाऱ्या. खर्च पस्तीस ते चाळीस हजार. बाबांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टी तू स्वतः बघितलीस का?"

गाडी बाबांची. 2012 ची, पेट्रोल, 1.2 लिटर, चार सिलिंडर. त्यांच्या मोतीबिंदूनंतर चालवायची आणि सांभाळायची मीच.

आज स्वतः पाहिली. पट्टीवर दोन भोकं आहेत, खालचं किमान आणि वरचं कमाल. स्टीलच्या फुटपट्टीनं दोन्हींमधलं अंतर मोजलं: 20 मिलिमीटर. खालचं भोक शून्य आणि वरचं 20 धरून वाचायचं ठरवलं.

सकाळी सात, थंड इंजिन, गल्लीत नेहमीच्या जागी: 29. म्हणजे कमालच्याही नऊ मिलिमीटर वर. जी गाडी ऑइल खाते म्हणतात तिच्यात ऑइल उतू चाललंय.
दूध घेऊन आल्यावर, बंद करून तीन मिनिटांनी, तीच जागा: 24.
गाडी वळवून तोंड चढाकडे करून लावली, तासाभरानं: 20.

एका सकाळी तीन उत्तरं. लॅबमध्ये एखाद्या मुलानं अशी वाचनं आणली असती तर मी उपकरण तपासायला पाठवलं असतं.

11 जानेवारी, शनिवार

उपकरण तपासलं. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या बाजूला, आणि साताऱ्यात त्या बाजूची गल्ली सपाट असेल तर ती गल्लीच नव्हे. समोर बांधकाम चालू आहे, तिथल्या गवंडीकाकांकडून लेव्हलची पारदर्शक नळी अर्ध्या तासासाठी मागून आणली. पाणी भरलं, एक टोक पुढच्या चाकाशी, एक मागच्या. फरक 11 सेंटिमीटर. दोन्ही चाकांमधलं अंतर साधारण 2.4 मीटर, म्हणजे मीटरला साडेचार सेंटिमीटरचा उतार. डोळ्यांना तो जाणवतसुद्धा नाही, कारण अख्खी गल्लीच तशी.

आमच्या गाडीत इंजिन आडवं बसवलंय आणि पट्टी त्याच्या पुढच्या बाजूला आहे. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरच्या मध्यापासून ती अंदाजे बारा सेंटिमीटर पुढे असावी. तोंड उताराकडे केलं की ऑइल पुढे सरकतं आणि पट्टीपाशी पातळी पाच-साडेपाच मिलिमीटर चढते. तोंड चढाकडे केलं की तेवढीच उतरते. दोन्ही मिळून दहा मिलिमीटर, किमान ते कमालच्या निम्मं अंतर, नुसतं गाडीचं तोंड फिरवल्यानं!

सपाट जागा शोधण्यात दुपार गेली. पेट्रोल पंपाचं अंगण पाणी वाहून जावं म्हणून उतरतं केलेलं असतं, तेव्हा ते बाद. देवळाच्या पटांगणात फरशी, पण तिथे गाडी नेणं बरं दिसत नाही. शेवटी पिठाच्या गिरणीसमोरचा कोबा सापडला. नळी लावली, पुढच्या-मागच्या चाकांत दोन मिलिमीटरचा फरक, आडवं तर काहीच नाही. गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, "रविवारी गिरणी बंदच असती. लाव की." शनिवारी रात्री गाडी तिथेच ठेवली.

12 जानेवारी, रविवार. मीटर 78,436

आजचा प्रयोग: जागा तीच, वेळ बदलती.

सकाळी साडेसहा, रात्रभर उभी, थंड इंजिन: 24.

मग लिंबखिंडीपर्यंत जाऊन परत. मुद्दाम एवढं लांब, कारण तापमानाचा काटा मध्यावर येतो तो रेडिएटरच्या पाण्याचा. ऑइल त्याच्या मागून, सावकाश तापतं. कोपऱ्यावर जाऊन आलेलं इंजिन पाण्यानं गरम आणि ऑइलनं कोमट असू शकतं.

बंद केल्यावर अर्ध्या मिनिटानं 15. दोन मिनिटांनी 20. पाच मिनिटांनी 24. दहा मिनिटांनी 25.5. अर्ध्या तासानं 26.

अर्ध्या मिनिटाला निम्म्या पट्टीएवढं ऑइल जणू गायब. ते वर आहे: इंजिनाच्या माथ्यात म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या आसपास, नळ्यांच्या भिंतींना चिकटलेलं. हळूहळू गळत खाली चेंबरमध्ये येतं. पाच मिनिटांत बरंचसं येतं, दहा मिनिटांनंतर फारसा फरक पडत नाही.

आणि 26 कशासाठी, सकाळी तर 24 होतं? ऑइल तापून फुगलं. दर अंशाला साधारण हजारात सात-आठ दहांश भाग, म्हणजे साठ अंशांनी चारेक टक्के. तीन लिटरला सव्वाशे मिलीच्या आसपास. म्हणून काही गाड्यांच्या पुस्तकात गरम इंजिनावर बघा लिहिलेलं असतं, काहींत थंडावर. आमच्या पुस्तकात आहे: इंजिन गरम करा, सपाट जागी लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबा. मी मात्र रविवारी सकाळचं थंड वाचन धरणार आहे. ते गरमपेक्षा दोनेक मिलिमीटर कमी येतं हे आता माहीत झालं, आणि थंड वाचनाला घड्याळ लागत नाही. एकदा जी पद्धत धरली ती बदलायची नाही.

आता डिसेंबरचा हिशेब उलटा मांडून पाहिला. गॅरेजचा उंबरा चढून गाडी आत घेतात, तोंड वर. मी गाडी नेली, बंद केली आणि लगेच पट्टी ओढली गेली. त्या 500 मिलीच्या आधी खरी पातळी 13 च्या आसपास असणार, म्हणजे निम्म्याच्या वर. चढामुळे पाच-सहा मिलिमीटर कमी दिसलं, घाईमुळे आठेक. पट्टीवर खालच्या भोकाशी ओल दिसली असणार यात नवल नाही. मिस्त्रींनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं, फक्त ते ऑइल त्या घटकेला दुसरीकडे होतं.

पट्टी वाचण्याबद्दल आज शिकले ते. पहिल्यांदा ओढलेली पट्टी कधीच वाचायची नाही, नळीच्या भिंतीचं ऑइल तिला सगळीकडे लागलेलं असतं. पुसायची, पूर्ण आत बसवायची, मूठ टेकेपर्यंत. आमची शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडते, दाबावी लागते. अर्धवट बसली तर तेवढंच कमी दिसतं. पुसायला बाबांचा जुना बनियन. कॉटन वेस्टचे धागे सुटतात आणि ते आत गेलेले चालत नाहीत. दोन्ही बाजू पाहायच्या, आणि जिथे फिल्म सलग आहे तिथपर्यंत मोजायचं. एका बाजूला ओघळ वर चढलेला असेल तर दुसरी, कमी दाखवणारी बाजू खरी.

14 जानेवारी, संक्रांत

24 म्हणजे कमालपेक्षा चार मिलिमीटर जास्त. "थोडं जास्त असलं तर बिघडतं कुठं" हे वाक्य या आठवड्यात तीन जणांकडून ऐकलं. बिघडतं ते असं: चेंबरच्या वर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, फिरत असतो. पातळी फार वर गेली की त्याचे वजनदार भाग ऑइलला झोडपतात आणि ताक घुसळल्यासारखा फेस होतो. पंप मग ऑइलबरोबर हवा ओढतो, आणि बेअरिंगला हवेनं वंगण होत नाही. शिवाय जास्तीचं ऑइल इंजिनाच्या वाफेबरोबर परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, जाऊन जळतं. म्हणजे ज्यादा भरलं तरी गाडी ऑइल खाते! चार मिलिमीटरनं एवढं रामायण होत नसेल, पण मला आरंभबिंदू नीट हवा होता.

सलाइनची नवी नळी आणि 50 मिलीची सिरिंज मेडिकलमधून आणली. पट्टीच्या नळीतून सलाइनची नळी आत सोडली, सिरिंजनं चार वेळा ओढलं. 200 मिली. पट्टी 24 वरून 19.5 वर आली. म्हणजे एका मिलिमीटरला साधारण 44 मिली. सहज हाती लागलेला आकडा, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

तिळाच्या वड्या पाडताना हाताला ऑइलचा वास येत होता. आईनं ताटं काढून घेतली.

26 जानेवारी, रविवार

मिस्त्रींकडे वही घेऊन गेले. वाचली त्यांनी, हसले नाहीत हे विशेष. म्हणाले, "ताई, तुमचं खरं असंल, पण गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबत न्हाई." हेही खरं.

मग त्यांनी एक गोष्ट शिकवली. लाल दिवा, झारीच्या चित्राचा. "तो पेटला की बघू, असं म्हणणारी लई माणसं हायेत." तो दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. पंपाला ओढायला ऑइल मिळेनासं झालं की पेटतो, आणि तोवर पातळी किमानच्या खूप खाली गेलेली असते. चालत्या गाडीत पेटला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद, गॅरेज दोनशे मीटरवर असलं तरी.

9 फेब्रुवारी, रविवार. मीटर 79,052

कोबा, थंड: 17. 14 जानेवारीपासून अडीच मिलिमीटर, म्हणजे 110 मिली, जवळपास 600 किलोमीटरमध्ये. हजाराला 180 च्या घरात. काही कंपन्यांच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालेल असं छापलेलं असतं, त्या मानानं हे किरकोळ. पण शून्य नाही. जातं कुठे?

दोनच वाटा: जळणं किंवा गळणं.

जळतंय का हे बघायला भाच्याला मोटारसायकलवरून गाडीच्या मागे यायला लावलं आणि यवतेश्वरचा घाट. चढताना ॲक्सिलरेटर दाबून निळा धूर दिसला तर संशय रिंगांवर. उतरताना गिअरमध्ये पाय काढून सोडायची आणि खाली पुन्हा पाय दिल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्हच्या सीलवर. भाच्याचा अहवाल: "मावशी, धूर नाही. पण तू वळणावर फार हळू घेतेस."

गळतंय का हे बघायला रात्री इंजिनाखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. सकाळी दोन ठिपके, नाण्याएवढे, मागच्या बाजूला. टॉर्च घेऊन वर माग काढला. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) मागच्या कडेला ओलसर धूळ, तिथून खाली ओघळ, सायलेन्सरच्या दिशेनं. लांबच्या प्रवासानंतर येणारा जळका वास आठवला, तो मी इतके दिवस ट्रकांच्या ब्रेकचा समजत होते.

22 फेब्रुवारी, शनिवार. मीटर 79,290

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. जुनं रबर काढल्यावर कडक, पापडासारखं मोडलं. मिस्त्रींनी बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे करून आवळले. एकच बोल्ट पिळून आवळला तर कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं. ऑइल भरायच्या झाकणाची रिंगही बदलली. सगळं मिळून साडेसातशे रुपये. पस्तीस हजारांचा विषय दोघांनीही काढला नाही.

16 मार्च, रविवार. मीटर 79,655

ऑइल बदललं, आणि ज्याची वाट पाहत होते तो प्रयोग केला: पट्टीचं माप ठरवणं. कॉलेजची एक लिटरची मापननळी नेता येत नाही (रजिस्टरवर माझीच सही असते), म्हणून स्वयंपाकघरातलं खुणांचं प्लास्टिकचं माप. ते आता परत स्वयंपाकघरात जाणार नाही.

मिस्त्रींनी गाडी मागच्या शेडमधल्या सपाट जागेवर घेतली, माझी नळी लावून झाल्यावरच. गरम असताना ड्रेन नट काढला, वीस मिनिटं निथळू दिलं. नवा फिल्टर. पुस्तकात लिहिलंय फिल्टरसकट 3.1 लिटर. एकदम ओतायचं नाही असं बजावलं होतं. 5डब्ल्यू-30 चा डबा. यातला डब्ल्यू विंटरचा, म्हणजे पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा आणि दुसरा गरम इंजिनातला.

2 लिटर ओतलं: 1. 2.2 ला 6. 2.4 ला 10. 2.6 ला 14.5. 2.8 ला 18.5.

दर वेळी पाच मिनिटं थांबून. शेवटी शेवटी नवं ऑइल इतकं पारदर्शक की स्टीलवर दिसेना. मिस्त्रींनी पट्टी कालच्या पेपरवर आडवी टेकवली, कागदावर ओलीची रेघ उमटली, तिच्यावरून मोजलं. वीस वर्षांचा अनुभव असा कुठेतरी बाहेर पडतो.

18.5 पाहून कोणीही झाकण लावून मोकळं होईल. पण इंजिन एक मिनिट चालवून बंद केलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं: 14. साडेचार मिलिमीटर, दोनशे मिली, कोरड्या फिल्टरनं पिऊन टाकलं. 250 मिली आणखी घातलं, 19.5 झालं. एकूण 3.05 लिटर. पुस्तकातला आकडा आणि आमच्यात एक पेलाभरसुद्धा फरक नाही.

ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसिंगनंतर कुणी इंजिन चालवून पुन्हा पट्टी पाहिली होती का? मला विचारायलाच सुचलं नव्हतं. नसेल पाहिली, तर माझा नोव्हेंबरचा "तुटवडा" पहिल्याच दिवशी फिल्टरमध्ये बसला होता.

एका मिलिमीटरला 45 मिली हे पक्कं. किमान ते कमाल 900 मिली. संक्रांतीची सिरिंज बरोबर होती.

20 एप्रिल, रविवार. मीटर 80,570

18. महिनाभरात 915 किलोमीटर, दीड मिलिमीटर. माझ्या वाचनातच एक मिलिमीटर इकडेतिकडे असतो, त्यामुळे यावरून काही म्हणणार नाही. पुठ्ठा कोरडा.

8 जून, रविवार. मीटर 81,560

16. ऑइल बदलल्यापासून 1,905 किलोमीटरमध्ये 160 मिलीच्या आसपास. हजाराला 84.

13 जुलै, रविवार. मीटर 81,890

घाबरवणारा दिवस. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर पांढरा थर, दुधावरच्या सायीसारखा. ऑइलमध्ये पाणी! हेड गॅस्केट (हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं पॅकिंग) गेली की रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि असंच दिसतं, हे सगळीकडे ऐकलेलं. पट्टीवर मात्र ऑइल स्वच्छ, तपकिरी. पातळी 16, महिन्याभरापूर्वीएवढीच. कूलंटच्या डब्यातली पातळी खुणेवर, त्यात तेलाची तवंग नाही.

पाऊस तीन आठवडे थांबलेला नाही, आणि गाडी रोज घर ते कॉलेज, तीन किलोमीटर. इंजिन पुरतं तापतच नाही. आतली दमट हवा थंड झाकणाला लागून पाणी होते आणि ऑइलच्या वाफेत मिसळून साय धरते. झाकण पुसलं आणि दुपारी कऱ्हाडला मावशीकडे. जाऊन येऊन शंभर किलोमीटर हायवे. संध्याकाळी झाकण कोरडं. मावशीला वाटलं तिची आठवण आली म्हणून आले. तसंच वाटू दिलं.

पातळी न उतरणं मात्र दर वेळी शुभ नसतं, हेही आज लिहून ठेवते. शेजारच्या काकांच्या नव्या डिझेल गाडीत न भरताच पातळी कमालच्या वर गेली आहे. ते खूष होते. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो जाळून साफ करायला ज्यादा डिझेल सोडलं जातं, आणि गाडी सतत गावातल्या गावात, साफसफाई अर्धवट राहिली, तर त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. पट्टीचा वास घ्यायला सांगितला. डिझेलचा आला. त्यांना ऑइल बदलून घ्यायला पाठवलं आणि महिन्यातून दोनदा हायवेला न्या म्हटलं.

24 ऑगस्ट, रविवार. मीटर 82,715

14. बदलल्यापासून 3,060 किलोमीटर, साडेपाच मिलिमीटर, 250 मिली. हजाराला 82. जूनचा आकडा आणि हा आकडा हातात हात घालून चाललेत, त्यामुळे आता विश्वास ठेवते. मधल्या काळात एक थेंब घातला नाही. पातळी 5 च्या खाली आली तर अर्धा लिटर, या चालीनं ती वेळ ऑइल बदलायच्या आधी येत नाही. तेरा वर्षांच्या गाडीकडून आणखी काय मागायचं.

काल मिस्त्रींकडे हवा भरायला गेले होते. गवंडीकाकांची नळी त्यांनी कायमची मागून घेतली आहे. उंबऱ्यावरच्या जागेचा उतार मोजला: मीटरला सहा सेंटिमीटर. मागच्या शेडमध्ये त्यांनी पिवळ्या ऑइलपेंटनं चार चाकांच्या चार चौकटी मारल्यात आणि भिंतीवर लिहिलंय, "ऑइल इथं बघणार. 10 मिनिटं थांबावं." खाली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय. मी बसले. चहाही आला.